प्रार्थनापुस्तकातला पाऊस

मे संपता संपता किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या देवळातल्या वेदीवर हिरवं कापड चढतं आणि ते थेट नोव्हेंबरच्या अखेरीला उतरतं. मधे एखाद्या संताचा दिवस आला तर लाल नाहीतर पांढरं, पण तेही तेवढ्यापुरतंच. ख्रिस्ती वर्षातला हा सगळ्यात लांब आणि सगळ्यात बेचव काळ. नाताळ झालेला, उपवासकाळ झालेला, ईस्टर, स्वर्गारोहण, पेंटेकॉस्ट सगळं आटोपलेलं. त्रैक्य रविवार झाला की नुसते आकडे उरतात : त्रैक्यानंतरचा पहिला रविवार, दुसरा, तिसरा, असं करत बावीस ते सत्तावीसपर्यंत. इंग्लंडात हे महिने म्हणजे आधी उन्हाळा, मग कापणी, मग पानगळ. आमच्या दख्खनवर मात्र नेमके हेच महिने हिरवे. ज्यांनी हा रंग ठरवला त्यांच्या मनात मृग नक्षत्र असण्याचं काही कारण नव्हतं. इंग्लंडातून आलेल्या या अख्ख्या वर्षात आमच्या हवेशी जुळलेली एवढी एकच गोष्ट, आणि तीही योगायोगाने जुळलेली.

ही कापडं धुण्याचं, इस्त्री करण्याचं आणि वेळच्या वेळी बदलण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मला त्यांचा हिशोब ठाऊक. जांभळं दोनदा : नाताळच्या आधी आगमनकाळात आणि ईस्टरच्या आधी उपवासकाळात. पांढरं सणांना. लाल पेंटेकॉस्टला आणि हुतात्म्यांना. उन्हाळ्यात जांभळ्याचा रंग फार लवकर विटतो, कारण उपवासकाळ बरोबर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि आमच्या देवळाच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. मी जन्माने नगर जिल्ह्यातली, लग्नाने पुण्याची, पेशाने मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. वडील एसपीजी मिशनचे, म्हणजे अँग्लिकन. आई अमेरिकन मिशनची. नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला हे एवढं सांगितलं की पुढचं आपोआप कळतं. इतरांना ते सांगावं लागेल, पण त्याआधी पंचांगाचं बोलते.

ईस्टर कधी येतो असं शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात आणि मी त्यांना म्हणते, तुमचंच कॅलेंडर बघा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्यानंतरचा रविवार धरायचा. बहुतेक वर्षी ती चैत्री पौर्णिमा असते. २०१९ साली उत्तम शुक्रवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला आली. आम्ही क्रुसापाशी गुडघे टेकलेले आणि कोपऱ्यावरच्या मारुतीला सुंठवडा वाटणं चाललेलं. कधी मात्र फाल्गुनी पौर्णिमा हिशोबात येते. २००८ साली २१ मार्चला उत्तम शुक्रवार होता आणि त्याच संध्याकाळी गल्लीत होळी पेटली. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या सुरुवातीला ईस्टर काढायचे तक्ते असतात आणि त्यात ‘सुवर्णांक’ नावाची एक संख्या असते. ती १९ वर्षांच्या चक्रावर चालते. आपल्या पंचांगातले अधिक महिनेही त्याच १९ वर्षांच्या मेळावर बसतात, १९ वर्षांत ७. माझे वडील गणिताचे मास्तर होते आणि त्यांना या तक्त्यांचं वेड होतं. रविवारी प्रवचन लांबलं की ते पुस्तकाची पहिली पानं उघडून पुढच्या शतकातले ईस्टर काढत बसत. आई शेजारून कोपर मारायची.

तर चंद्र एकच, तो इंग्लंडात आणि नगरात सारखाच उगवतो. आभाळाचं मात्र तसं नाही.

प्रार्थनापुस्तक हे मुळात एका बेटाचं पुस्तक. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी ते १५४९ साली सिद्ध केलं, त्या वर्षीच्या पेंटेकॉस्टला, ९ जूनला, इंग्लंडभर ते एकाच वेळी सक्तीने सुरू झालं. लोकांना कळेल अशा भाषेत उपासना व्हावी हे त्यामागचं तत्त्व. गंमत अशी की पश्चिमेकडच्या कॉर्नवॉल परगण्यात कित्येकांना इंग्रजी कळतच नव्हतं. तिथे आणि शेजारच्या डेव्हनमध्ये या पुस्तकाविरुद्ध बंड झालं आणि ते लष्कर घालून मोडावं लागलं. पुढे पुस्तक बदलत गेलं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं आणि १६६२ साली त्याला जे रूप मिळालं तेच जहाजांतून जगभर गेलं. त्या रूपाला कायद्याचा टेकू होता. इंग्लंडच्या चर्चच्या धर्मगुरूने हेच पुस्तक वापरायचं, दुसरं नाही. हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च १९३०पर्यंत कायद्याने त्याच चर्चचा भाग होतं, म्हणजे पुण्यातल्या पाद्र्यालाही लंडनच्या पार्लमेंटने मंजूर केलेलीच प्रार्थना म्हणायची.

त्याचे परिणाम कधीकधी विनोदी होते. पुण्याच्या कॅंपातलं सेंट मेरीज चर्च १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी प्रतिष्ठित केलं. त्या काळच्या प्रार्थनापुस्तकात ५ नोव्हेंबरची एक खास उपासना होती, १६०५ साली लंडनचं पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा कट फसला त्याबद्दल देवाचे आभार मानणारी. आणखी एक ३० जानेवारीची, राजा पहिला चार्ल्स याचं डोकं उडवलं त्याच्या प्रायश्चित्ताची. या उपासना १८५९ साली पुस्तकातून काढल्या गेल्या. तोवर, निदान कागदोपत्री, मुळा-मुठेच्या काठावरही त्या तारखा पाळायच्याच होत्या.

हेबर हे नाव मात्र मी आदराने घेते, कारण ख्रिस्ती वर्ष गाण्यांत बसवण्याची कल्पना इंग्रजीत मनावर घेणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. वर्षातल्या प्रत्येक रविवारी त्या त्या वाचनाला साजेसं गायन असावं असा त्यांचा ध्यास होता. तेव्हा इंग्लंडच्या चर्चमध्ये स्तोत्रसंहितेच्या पद्यरूपांखेरीज दुसरी गाणी म्हणणं फारसं शिष्टसंमत नव्हतं. १८२६च्या एप्रिलमध्ये त्रिचनापल्लीला स्नानकुंडात बुडून ते गेले, त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यांचा संग्रह पुढच्या वर्षी छापून आला. त्रैक्य रविवारासाठी त्यांनी लिहिलेलं ‘होली, होली, होली’ आज जगभर गातात. मराठी मंडळ्याही गातात.

आता पावसाचं. १६६२च्या पुस्तकात प्रसंगोपात्त म्हणायच्या प्रार्थनांचा एक छोटा भाग आहे. त्यात पहिली प्रार्थना पावसासाठी, दुसरी पाऊस थांबून ऊन पडावं म्हणून, मग दुष्काळ आणि महागाईची, मग लढाईची, मग साथीच्या रोगाची. इंग्लंडच्या शेतकऱ्याला दुसरीची गरज जास्त. कापणीच्या वेळी पावसाने धान्य कुजतं ही त्याची भीती. आमच्या नगर जिल्ह्यात दुसरीचं पान कोरं करकरीत राहायचं आणि पहिलीचं हाताच्या घामाने पिवळं पडायचं. १८७६ ते १८७८चा दुष्काळ, १८९६चा, १८९९चा. एसपीजी मिशनचं काम नगर भागात १८७०च्या दशकात मूळ धरू लागलं आणि त्यातली कितीतरी कुटुंबं दुष्काळाच्या काठाकाठाने चर्चमध्ये आली, आमचंही त्यातलंच. याबद्दल कुणी टोमणा मारला तर मला राग येत नाही. भुकेल्याला ज्याने भाकरी दिली त्याची प्रार्थना त्याने शिकून घेतली. साथीच्या रोगाची प्रार्थना तर १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याला उपयोगी पडावी अशीच होती.

मला आठवतो तो १९७२चा दुष्काळ. मी शाळकरी होते. गावातली माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायची. पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची लालसर मिलो ज्वारी, तिच्या भाकरीचा वास आजही नाकात आहे. त्या पावसाळ्यात आमच्या छोट्या देवळात दर रविवारी पावसाची प्रार्थना व्हायची. वेदीवर हिरवं कापड आणि दाराबाहेर खरडलेलं माळरान. प्रार्थनेची भाषा जुनी, संस्कृतप्रचुर, वाक्य इतकं लांब की वाचताना पाळकसाहेबांना मधे श्वास घ्यावा लागे. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना त्यातलं किती उमगत होतं कोण जाणे. पण प्रार्थना संपून ‘आमेन’ झाल्यावर त्यांच्यातली एक, आम्ही तिला थोरली आत्या म्हणायचो, न उठताच सूर लावायची. पुस्तकात नसलेलं भजन. आधी ती एकटी, मग बायकांची बाजू, मग पुरुषांची, मग कुणीतरी उठून खुंटीवरचे टाळ काढायचं. पाळकसाहेब पुस्तक मिटून उभे राहायचे. त्यांना पुढचा भाग सुरू करायचा असायचा, पण थोरल्या आत्याला थांबवायची कुणाची छाती नव्हती.

ती भजनं आली कुठून, हे सांगायचं तर आईच्या बाजूला जावं लागेल.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली आणि नगरात १८३१ साली आले. ते बॉस्टनकडचे, प्युरिटन परंपरेतले. त्यांच्या पूर्वजांना प्रार्थनापुस्तक नको होतं, वेदीची कापडं नको होती, संतांचे दिवस नको होते आणि नाताळसुद्धा नको होता. इंग्लंडात प्युरिटन पार्लमेंटने १६४७ साली नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण रद्द केले. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा नियम झाला, तो १६८१ साली उठला. नगरात आले तोवर या मंडळींचा विरोध मवाळ झाला होता. तरी काळवेळाचं, रंगांचं त्यांना प्रेम नव्हतं. त्यांचा भर प्रवचनावर आणि गायनावर. म्हणजे एकाच गावात दोन घराणी : वडिलांच्या देवळात वर्षाचं चक्र होतं पण गाणी बहुतेक इंग्रजी चालीवर, आईच्या देवळात चक्र नव्हतं पण गाणी आपली.

आपली, कारण तिथे नारायण वामन टिळक होते. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, नंतर सगळं आयुष्य नगरच्या मिशनशी बांधलेलं, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा. शेकड्यांनी गीतं, अभंग, भजनं त्यांनी लिहिली. त्यांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. एका जागी उभा राहून, झांजा-तबल्याच्या साथीवर, पूर्वरंग-उत्तररंग करत मत्तयाची किंवा लूकची कथा सांगणारा माणूस नगरच्या खेड्यांत कुणाला परका वाटला नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकांना माहीत आहेत, त्यामुळे या घराबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच नोंदवते की ‘उपासना संगीत’ हे मराठी गीतपुस्तक आज एसपीजीवाल्यांच्या नातवंडांच्या हातातही असतं आणि त्यातली टिळकांची गाणी कुठल्या मिशनची हे कुणी विचारत नाही.

पुण्यात तोवर वेगळंच नाटक रंगलं होतं. वेदीवरचे रंग, धूप, मेणबत्त्या, झगे यांतलं बरंचसं इंग्लंडच्या चर्चमधून धर्मसुधारणेच्या काळात गेलं होतं. १८३३नंतरच्या ऑक्सफर्ड चळवळीने जुन्या परंपरेची ओढ जागी केली आणि पुढच्या पिढीने ते हळूहळू परत आणलं. माझी लाडकी हिरवी-जांभळी कापडंही त्याच लाटेवरची. इंग्लंडात त्यावरून एवढी खळबळ माजली की १८७४ साली पार्लमेंटने कायदा केला आणि १८७७च्या जानेवारीत आर्थर टूथ नावाच्या लंडनच्या धर्मगुरूला तुरुंगात जावं लागलं. उपासनेतले असले प्रकार थांबवा हा न्यायालयाचा हुकूम त्याने मानला नव्हता. नेमक्या याच दशकात त्याच पंथाचे, ऑक्सफर्डजवळच्या काउलीचे मठवासी फादर मुंबई-पुण्यात आले आणि १८७७ साली वाँटेजच्या सिस्टर आल्या. गुरुवार पेठेत, पाच हौदांवरून नाव पडलेल्या पंचहौद मिशनमध्ये, १८८५ साली पवित्र नाम देवालय उभं राहिलं. ज्या विधींसाठी लंडनच्या धर्मगुरूला गजाआड बसावं लागलं ते पेशव्यांच्या पुण्यात निर्वेध चालू होते. इथल्या लोकांना त्यात वावगं काय वाटणार? दिवा, धूप, घंटा, सोवळ्यासारखे झगे, उपवास. उलट, हे काहीच नसलेली अमेरिकन पद्धत त्यांना कोरडी वाटत असणार. पंचहौदचं नाव मराठी इतिहासात मात्र वेगळ्याच कारणाने नोंदलं गेलं : १८९० साली न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळी तिथे चहा प्याली आणि त्यावरून ग्रामण्य माजलं. चहाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, उपासनेची कुणालाच नाही.

याच फादर-सिस्टरांच्या वर्तुळात निळकंठशास्त्री गोऱ्हे होते, ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिणारे काशीचे पंडित, बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या. १८७०मध्ये ते धर्मगुरू झाले. आणि पंडिता रमाबाई. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला, मुलगी मनोरमेसह, २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. हा मिखाएल देवदूताचा सण. तारीख अर्थातच सिस्टरांच्या वर्षचक्रातून आलेली. पण चक्रात बसणाऱ्यांतल्या रमाबाई नव्हेत. सिस्टरांच्या मनात होतं की बाईंनी गळ्यात लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालावा. रमाबाईंनी पत्रातून स्वच्छ कळवलं की मला लॅटिन येत नाही, माझ्या देशबांधवांनाही येत नाही. क्रुसावर काही लिहायचंच असेल तर संस्कृतात लिहा. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? पुढे चाळीस वर्षं जो प्रश्न बिशप आणि समित्या घोळवत बसल्या तो या बाईने एका पत्रात मांडून ठेवला होता.

त्यातल्या एका समितीची गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे.

जॅक विन्स्लो हा ईटन आणि ऑक्सफर्डला शिकलेला इंग्रज धर्मगुरू १९१४च्या सुमारास एसपीजीतर्फे नगर भागात आला. त्याने नारायण वामन टिळकांना पाहिलं. टिळक अखेरच्या काळात मिशनच्या पगारातून मोकळे झाले होते, ‘देवाचा दरबार’ काढून संन्याशासारखे राहत होते. १९१९च्या मे महिन्यात ते गेले. विन्स्लोने पुढे १९२३ साली त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. टिळकांचा त्याच्यावर झालेला परिणाम त्यात पानोपानी दिसतो. टिळकांच्या भाषेत ख्रिस्ती होता येतं, मग टिळकांच्या भाषेत अँग्लिकन का होता येऊ नये? १९२० साली त्याने आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी, त्यांत एक जोशीही होते, एक पुस्तक काढलं. म्हणणं असं की १६६२चा प्रभुभोजनाचा विधी हिंदी मनाला पुरत नाही. तो आखूड आहे, पापाच्या कबुलीकडे फार झुकलेला आहे, लोकांना त्यात बोलायला फारसं नाही, आणि पवित्र आत्म्याला भाकरी-द्राक्षारसावर येण्याची विनवणी त्यात मुळी नाहीच. मुंबईचे बिशप पामर यांचा पाठिंबा होता. आधाराला खुद्द इंग्लंडच्या चर्चचं एक जुनं सूत्र होतं : रीतिभाती सगळीकडे एकसारख्या असल्याच पाहिजेत असं नाही, देश-काळ-माणसांप्रमाणे त्या बदलू शकतात. हे सूत्र सोळाव्या शतकात रोमविरुद्ध लिहिलं गेलं. विन्स्लोने ते लंडनसमोर धरलं.

मग हिंदी उपासनाविधी कशाचा बनवावा? इथे मला दरवेळी हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. त्यांनी आधार घेतला तो याकोबाच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन सिरियन विधीचा, केरळातले थोमाचे ख्रिस्ती वापरतात त्या घराण्यातला. युक्तिवाद वाईट नव्हता : हा विधी पूर्वेचा, शतकानुशतकं हिंदुस्थानात नांदलेला, लोकांना भरपूर उत्तरं देणारा, धूप आणि स्तुतीने भरलेला. त्या गटात एडवर्ड रॅटक्लिफ नावाचा एक तरुण होता, जो पुढे केंब्रिजला मोठा प्राध्यापक झाला. जुन्या विधींचं त्याचं ज्ञान अफाट. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बिशपांच्या परवानगीने हा ‘मुंबई विधी’ मर्यादित वापरासाठी निघाला. विद्वत्तेच्या दृष्टीने उत्तम काम. पण अंत्योख आणि यरुशलेमेच्या विटा आणून बांधलेल्या या घरात थोरल्या आत्याला बसायला जागा कुठे होती? तिच्या ओठांवर टिळक होते, सांगळे होते, जात्यावरची ओवी होती. केरळ तिच्यापासून इंग्लंडाइतकंच लांब होतं.

समितीत जमलं नाही ते आश्रमात थोडंफार जमलं. ११ जून १९२२ रोजी, म्हणजे संत बर्णबाच्या दिवशी आणि नुकत्याच लागलेल्या मृगात, विन्स्लोने काही हिंदी तरुणांबरोबर नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला. खादी, शाकाहार, जमिनीवर बैठक, एकत्र राहणं. १९२७च्या सुमारास संघ पुण्याला शिवाजीनगरात आला आणि इंग्लंडहून आणखी तरुण आले. त्यात व्हेरिअर एल्विन होता. १९२८च्या जानेवारीत तो साबरमतीला जाऊन आला आणि गांधींच्या प्रभावाखाली आला. पुढे संघातल्याच शामराव हिवाळेंना बरोबर घेऊन मध्य प्रांतात गोंडांत राहायला गेला आणि १९३५मध्ये चर्चमधूनच बाहेर पडला. उपासनेच्या इतिहासात एल्विन हा पाहुणाच. पण ज्या दोन-चार वर्षांत तो पुण्यात होता त्या काळातलं आश्रमाचं मंदिर, तिथली मांडी घालून होणारी प्रार्थना, पायताण बाहेर काढणं, हे सगळं इंग्रजी चर्चमध्ये वाढलेल्यांना क्रांतिकारक वाटलं. आमच्या खेड्यातल्या देवळात तेव्हाही सतरंजीच होती. बाकांना पैसे कुणाकडे होते? गरिबीने जे केलं त्याला क्रांती म्हणायला साहेब यावा लागला, असं वडील म्हणायचे. त्यात थोडा जळफळाट असेल, पण ते खोटं नव्हतं.

इथून पुढे वळण असं की पुण्याचं बी उगवलं इंग्लंडात. संघातला अल्जी रॉबर्टसन तब्येतीपायी मायदेशी परतला आणि तिथल्या फ्रान्सिस्कन बंधूंत मिळाला. १९३७ साली संत फ्रान्सिस समाज या अँग्लिकन संस्थेने आकार घेतला. त्या समाजाचे सदस्य रोज ज्या तत्त्वांतला एक तुकडा वाचतात त्यांचा मूळ मसुदा ख्रिस्त सेवा संघासाठी लिहिलेला होता. याच समाजाच्या नित्य प्रार्थनेच्या पुस्तकातून १९९२ साली इंग्लंडच्या सर्वसामान्य लोकांसाठी एक प्रार्थनासंग्रह निघाला आणि इंग्लंडच्या चर्चच्या आजच्या नित्य प्रार्थनेवर त्याची छाप आहे. मुंबई विधीचंही तसंच. मराठी मंडळ्यांत तो रुजला नाही, पण दक्षिण भारतातल्या एकत्रित चर्चने १९५० साली आपला उपासनाविधी बनवताना तो समोर ठेवला. त्या विधीत शेजाऱ्याच्या हातात हात देऊन ‘शांती’ पोचवण्याची केरळी रीत घेतली गेली आणि तिथून ती पाश्चात्त्य चर्चमध्येही पसरली. आज लंडनमधला संकोची इंग्रज रविवारी मागे वळून अनोळखी माणसाशी हस्तांदोलन करतो, त्यामागे ही साखळी आहे. आमच्या देवळात मात्र बायकांच्या बाजूने पुरुषांच्या बाजूला शांती पोचवायची म्हटली की लांबूनच नमस्कार.

पुण्यातला आश्रम पुढे ‘ख्रिस्त प्रेम सेवा’ नावाने चालला, मधे बंद पडला आणि १९७२ साली वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर आणि कॅथलिक सिस्टर यांनी मिळून पुन्हा उघडला. १९३४ साली संघ फुटून जे बंधू दोन वाटांनी गेले त्यांच्या मागे हे काम बायकांनी चालवलं, हे माझ्या मते पुरेसं सांगितलं जात नाही.

आणि मग आई-वडिलांची देवळं एक झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च मिळून उत्तर भारत मंडळी, सीएनआय, स्थापन झाली. अँग्लिकन त्यात होते, अमेरिकन मिशनची परंपराही होती. तारीख निवडली होती ती आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची, म्हणजे ख्रिस्ती वर्षाच्या पाडव्याची. वडील खूश : शेवटी मुहूर्त आमच्या पंचांगाने लागला. आई म्हणाली, मुहूर्त तुमचा, पण गाणी आमची म्हणणार आहात. दोघांचंही खरं ठरलं. आता आईच्या माहेरच्या देवळातही जांभळं-हिरवं कापड दिसतं आणि पंचहौदच्या परंपरेत वाढलेली मंडळी टाळ घेऊन भजन करतात. कुठल्या समितीने हे ठरवलं याचा कागद मी अजून पाहिलेला नाही.

एक सण मात्र अजून ठरायचा आहे. हंगामाचा सण, कापणीबद्दल देवाचे आभार मानायचा. हा फार जुना वाटतो, पण त्याचं आजचं रूप १८४३चं. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोचे धर्मगुरू रॉबर्ट हॉकर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन केलं आणि ती रीत इंग्लंडभर पसरली. प्रार्थनापुस्तकात या सणाला जागा नाही, त्यामुळे तारीखही नाही. इंग्रजांनी सप्टेंबर-ऑक्टोबर धरला, कारण तेव्हा त्यांचा गहू घरात आलेला असतो. आमच्याकडे तेव्हा बाजरी नुकतीच खळ्यावर, तूर उभी, आणि रब्बीची ज्वारी अजून पेरायची. खेड्यात म्हणून कधी नोव्हेंबर, कधी थेट फेब्रुवारी. वेदीसमोर बाजरीची कणसं, भोपळे, कोंबडी, अंड्यांची परडी, शेंगांची पोती, आणि उपासना संपली की मांडवात लिलाव. लिलाव करणारा माणूस पाळकांपेक्षा महत्त्वाचा असतो. दहा रुपयांच्या भोपळ्याला पाचशे बोलायला लावणं, आणि तोच भोपळा विकत घेणाऱ्याकडून परत दान करवून पुन्हा विकणं, ही कला पाहिजे. आमच्या पुण्याच्या मंडळीत शेती कुणाचीच नाही. मार्केट यार्डातून भाजी आणून वेदीपुढे रचतात. तरीही दर ऑक्टोबरच्या सभेत वाद होतो : दिवाळीच्या आधी की नंतर. आधी केला तर बोनस आलेला नसतो, लिलावात बोली चढत नाही. नंतर केला तर निम्मी माणसं गावी असतात. गेल्या वेळी खजिनदारांनी फेब्रुवारीचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा मी उठून सांगितलं की फेब्रुवारीत उपवासकाळ लागू शकतो, जांभळ्या कापडापुढे भोपळ्यांचा लिलाव मी होऊ देणार नाही. प्रस्ताव पुढच्या सभेवर गेला आहे.